अठरा क्विंटलची पद्मिनी

आमच्याकडे ही गाडी आली ती कापसाच्या चुकाऱ्यापायी. 1998 ची गोष्ट. तेव्हा एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारलाच घालायचा, पैसा हप्त्याहप्त्यानं मिळायचा, आणि घरात बहिणीचं लग्न तोंडावर. म्हणून बाबांनी अठरा क्विंटल कापूस गुपचूप एका खाजगी व्यापाऱ्याच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, नेऊन टाकला. व्यापारी बुडाला. तक्रार कुठं करणार, विकणंच मुळात नियमाबाहेरचं! चार महिने हेलपाटे घातल्यावर त्यानं आपल्या अंगणातली 1976 ची प्रीमियर पद्मिनी दाखवली आणि म्हणाला, पाटील, ही घेऊन जा. बाबांना गाडी चालवता येत नव्हती. ट्रॅक्टरला दोर बांधून ती आमच्या गावी, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आली आणि ढोरांच्या कोठ्याशेजारी टिनाच्या शेडात उभी राहिली. पुढची चोवीस वर्षं.

बाबा तिला कधी गाडी म्हणाले नाहीत. ‘तो धोंडा’ म्हणायचे. टपावर पऱ्हाट्यांचा भारा, मागच्या सीटवर ढेपेची पोती, पुढच्या सीटवर खुडूक कोंबडी. लहानपणी मी स्टेअरिंग धरून ‘भुर्र’ करत बसलो की बाबा चिडायचे. मी मोटारपंपांचं रिवायंडिंग शिकलो, गावातच दुकान टाकलं, तरी त्या शेडाकडे मी सहसा फिरकत नसे.

जून 2022 च्या वादळात शेडाच्या टिना उडाल्या. आता गाडी हलवणं भाग होतं. कबाडीवाला आला, बोनेटवर हात मारून म्हणाला, वजनावर एकोणीस हजार. त्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. बाबांनी मनातल्या मनात भागाकार केला.

“म्हंजे दोन क्विंटलबी नाई. अठराचे दोन? राहू दे तिले तिथंच.”

गाडी वाचली ती अशी, बाबांच्या रागापायी. मग मीच म्हटलं, बाबा, मी पाहतो हिच्याकडे. त्यांनी हात झटकला. तो होकार समजून मी कामाला लागलो.

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट 1100. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात हे मॉडेल 1964 पासून निघू लागलं आणि 1974 पासून त्याला पद्मिनी नाव मिळालं. इंजिन 1089 सीसी, चार सिलिंडर, चार गिअर, गिअरचा दांडा स्टेअरिंगला, चारही चाकांना ड्रम ब्रेक. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. पंपाची मोटार बांधणाऱ्या माणसाला हे सगळं सोपं वाटावं अशीच रचना आहे, आणि मला ते सोपं वाटलं हीच पहिली चूक.

उघडायला तीन आठवडे लागले. प्रत्येक बोल्ट चिवड्याच्या रिकाम्या बरणीत, बरणीवर खडूनं नाव, आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो. (खडू पुसला जातो. ऑइल पेंटचा मार्कर घ्यावा.) सीटखाली धामणीची अख्खी कात निघाली. एअर फिल्टरमध्ये उंदरानं मऊ घरटं केलं होतं, तेही कापसाचं. आमच्याच.

खरी दुर्दशा खाली होती. जमिनीचा पत्रा बोटानं फुटत होता आणि दोन्ही बाजूंना दारांखालची लांब पेटी आतून सडली होती. आर्वीचे एक म्हातारे मिस्त्री, सगळे त्यांना काका म्हणतात, त्यांनी एकेकाळी या भागातल्या सगळ्या फियाटा हाताळलेल्या. ते एकदा येऊन पाहून गेले आणि म्हणाले, पत्र्याला हात लावायच्या आधी मला बोलव. मी बोलावलं नाही. हरभऱ्याला ओलीत सुरू होतं, थ्री फेज लाइन आठवडाभर रात्रीची होती आणि माझी वेल्डिंग मशीन थ्री फेजवरची. रात्री दहाला म्हाताऱ्या माणसाला गावात कसं बोलवायचं?

पंप चालू करून मी ग्राइंडर हातात घेतला. गाडी पुढून आणि मागून जॅकवर उचललेली, डाव्या बाजूची सडलेली पेटी मी मोठ्या उत्साहानं या टोकापासून त्या टोकापर्यंत कापून काढली. बारीक ‘कट्ट’ असा आवाज झाला. मी लक्ष दिलं नाही. सकाळी दार लावायला गेलो तर लागेना. दार वाकलं म्हणावं तर सरळच होतं. मग मागं सरून पाहिलं. गाडीचं पोट खाली आलेलं, बाजेची दोरी सैल पडावी तसं.

काकांना फोन केला. ते आले, पाहिलं, आणि आधी चहा मागितला.

“बंडीले साटा असते, जीपले चेसिस असते. हिले काय हाय? हा पत्राच हिचा चेसिस. तू हिची बरगडी कापली अन् म्हन्तो, पोट काहून लोंबलं!”

पद्मिनीला वेगळा सांगाडा नाही. टप, खांब, जमीन आणि दाराखालच्या त्या दोन पेट्या मिळून सगळा भार पेलतात. त्यातली एक पेटी काढायची तर आधी दाराच्या चौकटीत आतून लोखंडी अँगल आडवे-तिरपे जोडून घ्यायचे, मग कापायचं, आणि तेही एका वेळी एकच बाजू, तुकड्यातुकड्यानं. आम्ही उलट क्रमानं केलं. गाडीच्या मधोमध सागाची फळी, फळीखाली जॅक, आणि जॅक एकेक दात वर. काका दाराच्या फटीत काडी घालून वर-खाली मोजत होते. वरची फट आणि खालची फट सारखी झाली तेव्हा दुपार टळली होती. मग अँगलला टाके मारले. दार ‘खट्’ करून लागलं तेव्हा मला बैल विकत घेतल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

दुसरी चूक त्याच आठवड्यातली. ट्रॉलीला नि वखराला जोड देणारी माझी साधी वेल्डिंग मशीन गाडीच्या पातळ पत्र्याला लावली. जिथं जोड द्यायचा तिथं भोक पडायचं, भोक बुजवायला गेलं की त्याच्या शेजारी दुसरं. शेवटी गॅस वेल्डिंगवाला डेंटर नागपूरहून आणला. तो चार दिवस आमच्याकडेच राहिला, रोज झुणका मागायचा, आणि त्यानं सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्र्याच्या पेट्या अशा बसवल्या की जोड शोधावा लागतो. पेट्यांच्या आतल्या अंगाला रेड ऑक्साइड आणि वरून मेणाचं ऑइल मारून घेतलं. खाली पाणी निथळायला मूळ कंपनीनं भोकं ठेवलेली असतात, ती चिखलानं बुजली की पेटी सडते. आता दर पावसाळ्याआधी मी तारेनं ती मोकळी करतो.

इंजिन जाम होतं. इथं मात्र मी घाई केली नाही. प्लग काढून चारही भोकांतून डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल मिसळून ओतलं, आणि रोज सायंकाळी थोडं थोडं ओतत राहिलो. जाम इंजिनाला सेल्फ मारणं किंवा ट्रॅक्टरनं ओढणं म्हणजे पिस्टनच्या रिंगा मोडून घेणं. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मी आणि पुतण्या तिला पुढं-मागं हलवायचो, पाळण्यासारखं. अकराव्या दिवशी ती बोटभर सरकली आणि पंख्याची पुलीही तिच्याबरोबर फिरली.

पुढचं काम लेथवाल्याचं. वर्ध्याला ब्लॉक नेला, बोअर करून एक साइज मोठे पिस्टन घातले, क्रँकला पॉलिश, हेडचा तळ सरळ. हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा, त्यामुळे बोल्ट आवळताना मधून सुरुवात करून बाहेर यायचं, आणि एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. हे सगळं नीट केलं. गडबड झाली ती डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा भाग, बसवताना.

इंजिन पहिल्यांदा चालू करायचा दिवस. पेट्रोलची टाकी अजून साफ व्हायची होती, म्हणून सलाइनची रिकामी बाटली बोनेटच्या दांडीला टांगून तिच्यातून कार्बोरेटरला पेट्रोल दिलं. गावात अशीच पद्धत आहे आणि ती वाईट आहे, आता सांगतो. सेल्फ मारला. इंजिन खोकलं, आणि कार्बोरेटरच्या तोंडातून हातभर जाळ वर आला, थेट बाटलीकडे. माझे हात गळाले. बायकोनं बाटली ओढून बाजूला फेकली आणि कोठ्याच्या दारातलं ओलं पोतं कार्बोरेटरवर टाकलं. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

कारण क्षुल्लक होतं. फायरिंगचा क्रम 1-3-4-2, तो बरोबर होता. पण पहिला पिस्टन चार स्ट्रोकमध्ये दोनदा वर येतो, एकदा हवा दाबत आणि एकदा धूर बाहेर ढकलत. मी नुसता पिस्टन वर आलेला पाहून डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटर पहिल्या वायरकडे लावला होता. तो होता धुराचा फेरा. म्हणजे रोटर बरोबर अर्धा फेरा चुकलेला. पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन हातानं फिरवायचं. हवा अंगठा उडवते तो फेरा खरा. काकांनी हे फोनवर सांगितलं, पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या खेपेला पेट्रोल टोपण लावलेल्या डब्यातून, लांब नळीनं, आणि शेजारी वाळूच्या दोन बादल्या. गाडी तिसऱ्या सेल्फला चालू झाली. बाबा कोठ्यातून विळा हातात घेऊनच आले, मिनिटभर उभे राहिले.

“आवाज तं करते,” म्हणाले, आणि परत गेले. संध्याकाळी जेवताना मात्र विचारलं, “किती क्विंटल झाले आतापर्यंत?”

तेव्हापासून आमच्या घरात गाडीचा हिशेब रुपयांत होत नाही.

सुट्या भागांसाठी नोव्हेंबर 2023 च्या सुरुवातीला मुंबईला गेलो. योगायोग असा की मुंबईतली शेवटची नोंदलेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी नुकतीच, ऑक्टोबरच्या अखेरीस, रस्त्यावरून उतरली होती. तिची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ची आणि तिथल्या टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या मालाच्या दुकानांत एकच बोलणं होतं, आता फियाटचा माल विचारतो कोण? काही दुकानदार त्यामुळे स्वस्तात देत होते, काही त्याच कारणानं दुप्पट मागत होते. मला समोरची जाळी, दोन मडगार्ड, टेललाइटच्या काचा, व्हील सिलिंडर आणि दाराची रबरं मिळाली. मडगार्ड गोणपाटात शिवून विदर्भ एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर ठेवले आणि मी रात्रभर त्यांच्याशेजारी अंग चोरून झोपलो. टीसीनं विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, फियाटचे गाल. तो हसला आणि पुढं गेला.

रंगाचं सांगतो, कारण त्यात मी दोनदा पैसे घातले. पहिला प्रयत्न जुलै 2023 मधला. आठ दिवस उघडीप होती म्हणून एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट मारला. दुपारी चकचकीत दिसणारं बोनेट संध्याकाळी ताक फिरवल्यासारखं पांढुरकं झालं. थिनर झपाट्यानं उडतो, पत्रा गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी रंगात बसतं. सगळं वॉटर पेपरनं घासून काढलं. दुसरा प्रयत्न दिवाळीनंतर, या वेळी टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग. हवा कोरडी, ऊन कोवळं, जमिनीवर पाणी शिंपडून धूळ दाबलेली. विसरलो एवढंच की त्या दिवसांत आमच्या घरात छतापर्यंत कापूस भरलेला असतो. उजव्या दारावर आजही तिरप्या उजेडात दोन-तीन तंतू दिसतात. ते मी मुद्दाम ठेवलेत असं लोकांना सांगतो. पीयूचं हार्डनर फुप्फुसाला घातक असतं, त्याला नाकावर रुमाल चालत नाही, फिल्टरचा मास्क लागतो. डेंटरनं तो वापरला नाही तेव्हा मी गनच काढून घेतली.

रंग मूळचाच ठेवला, डॅशबोर्डच्या मागं सापडलेला फिका राखाडी. रंग बदलला तर आरसीवर बदलून घ्यावा लागतो, हे एक. आणि खरं सांगायचं तर गावातली पोरं लाल सुचवत होती म्हणूनही.

पोरांच्या सूचना खूप होत्या. अलॉय लाव, गिअर खाली घे, ओम्नीचं इंजिन टाक, हॉर्न ट्रकचा बसव. कंपनीनं दिलेली मूळ रचना बदलायला कायद्याची आडकाठी आहे, सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकालही तसाच आहे. पण निकाल नसता तरी मी ऐकलं नसतं. त्याच वेळी, सगळं मूळचंच पाहिजे म्हणून हट्ट धरणारे शौकीनही मला पटत नाहीत. त्यांच्या गाड्या ट्रेलरवर चढून प्रदर्शनाला जातात. माझी आर्वीला जायची होती. म्हणून जिथं जीव वाचतो आणि जिथं ती रस्त्यात उभी राहणार नाही, तिथं बदल केला. पुढच्या बाकड्याला सीटबेल्ट, त्यांच्या बोल्टांखाली जाड पट्टी वेल्ड करून. डायनॅमोच्या जागी मारुतीचा अल्टरनेटर, कारण डायनॅमो मंद इंजिनावर बॅटरी भरतच नाही. हेडलाइटला रिले, म्हणजे सगळा करंट जुन्या स्विचमधून जात नाही. ही वायरिंग मी स्वतः केली आणि तिच्यात एकही दोष निघाला नाही, हे नोंदवून ठेवतो. रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा नव्या पेट्रोलला टिकणारा घातला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर खातं.

आतून मात्र मी मन मानेल तसं केलं. टपाच्या अस्तराला वर्ध्याच्या मगन संग्रहालयातून आणलेली, झाडपाल्याच्या रंगातली खादी लावली. सीटसाठी म्हटलं, घरचाच कापूस का नको? पिंजाऱ्याकडून सरकी काढून पिंजून घेतला, बाकड्यात ठासून भरला, वर रेक्झिन. दिसायला राजाचं आसन! महिन्याभरात दोन खड्डे पडले, एक माझ्या बसण्याच्या आकाराचा आणि एक बायकोच्या. गादी उन्हात टाकून झटकता येते, सीट कशी झटकणार? शेवटी सगळा कापूस काढून रबर लावलेल्या काथ्याचे थर घातले. तो कापूस आता दोन उशांत आहे.

कागदांचं थोडक्यात. व्यापारी वारलेले, त्यांचा मुलगा नागपुरात. तो भला निघाला. फॉर्म 31 वर गाडी आधी त्याच्या नावावर, मग 29 आणि 30 भरून माझ्या, शिवाय नूतनीकरणासाठी 25. फी, दंड आणि ग्रीन टॅक्स भरून पासिंग झालं. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज नंबर मिळतो, वीस हजार फी आहे. पण तो घेतला की रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणता येत नाही. मला जुनाच तीन अक्षरी नंबर बरा.

एकूण खर्च 2,94,000 रुपये. 2023-24 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,020. बाबांनी सात हजार धरून बोटांवर हिशेब केला. “बेचाळीस. अन् पयलेचे अठरा. साठ क्विंटलची झाली तुई गाडी.” माझी कशी झाली, ते मी विचारलं नाही.

मे 2024 मध्ये ते पहिल्यांदा गाडीत बसले. आर्वीला हरभऱ्याचा चुकारा आणायला जायचं होतं आणि एसटी निघून गेली होती. दुसरं कारण नव्हतं. धोतर सावरून पुढच्या बाकड्यावर बसले, सीटबेल्ट छातीवरून घेतला आणि दोन्ही हातांनी असा धरून ठेवला, कासरा धरतात तसा. जाताना ठीक गेलो. येताना टळटळीत दुपार, पारा चव्वेचाळीसच्या वर. गावाच्या अलीकडे नाल्याच्या चढावर गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून असतो. उन्हात तो इतका तापतो की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. उपाय सगळ्या जुन्या ड्रायव्हरांना ठाऊक आहे, ओलं फडकं पंपावर. माझ्याकडे फडकं नव्हतं. बाबांनी डोक्यावरचा दुपट्टा सोडला, बाटलीतलं पाणी त्याच्यावर ओतलं आणि माझ्या हातात दिला. स्वतः बाभळीच्या सावलीत जाऊन उभे राहिले.

मी वाकून दुपट्टा पंपाभोवती गुंडाळत होतो, वाफ येत होती. तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली. शेजारच्या गावचे दोघं. एकानं विचारलं, “काय जी पाटील, ही जुनी फियाट कुठून उचलली?”

बाबांनी त्यांना सगळी हकीकत सांगितली. जिन, हेलपाटे, ट्रॅक्टरचा दोर, सगळं. सव्वीस वर्षं ज्या गोष्टीचा विषय काढला की ते उठून जायचे, ती त्यांनी उन्हात उभं राहून पंधरा मिनिटं सांगितली. अठरा क्विंटलचे त्यांनी पंचवीस केले. मी बोनेटमधून डोकं वर काढलं नाही. पंप हाताला गार लागला तेव्हा जाऊन सेल्फ मारला.